मैदानाकडे पाठ करून

माझा खेळ सगळ्यात जास्त कोणी पाहिला असेल, तर तो चाचांनी, असं आमच्या कॉलेजात सगळे अजून म्हणतात. खरं म्हणजे त्यांनी मला खेळताना एकदाच पाहिलं. बाकी अडीच वर्षं ते दर शनिवारी मैदानाकडे पाठ करून बसले होते.

खालापुरात तहसील कचेरीसमोर त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. प्रतिज्ञापत्र, वारसाचा अर्ज, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, सगळं तिथे व्हायचं. मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा स्कॉलरशिपच्या कागदासाठी गेले. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघणारी मी पहिली, त्यामुळे कुठला कागद कुठे लागतो हे घरात विचारायची सोय नव्हती. सगळं बाहेर विचारत फिरायचं. त्या दिवशी कॉलेजचा बास्केटबॉल माझ्याकडे होता. दुकानाच्या पायरीवर तो माझ्या हातून सुटला, एकदा आपटला, मी उचलला. चाचांनी मान वर केली नाही. टाइप करता करता म्हणाले,

"हवा कमी हाय."

"कशात?"

"बॉलमदी. आन् सांधा उकललाय एका बाजूला. घसटून उडतो."

मी बॉल फिरवून बघितला. सांधा खरंच उकलला होता.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. साठीचे असतील. पांढरी दाढी बारीक कापलेली, डोक्यावर जाळीची टोपी, चष्मा नाकाच्या टोकावर. "कुठं खेळता गं तुमी? किती वाजता? सिमेंटचं मैदान की मातीचं?" हे सगळं विचारून झाल्यावर त्यांनी माझं नाव विचारलं.

पुढच्या शनिवारी कचेरीला सुट्टी होती. स्कूटरवरून ते कर्जतला आमच्या कॉलेजवर आले, मैदानाच्या कुंपणाच्या भिंतीशी घडीची खुर्ची उघडली, आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मांडीवर चुंबकाच्या सोंगट्यांचा छोटा बुद्धिबळाचा पट. आम्हाला वाटलं, म्हातारबाबा उन्हाला पाठ देऊन बसलेत. खेळ अर्ध्यावर आल्यावर ऊन फिरलं, ते फिरले नाहीत.

ह्याचं कारण मला हळूहळू कळलं. तरुणपणी चाचा अकरा वर्षं आखातात होते, मुलींच्या एका शाळेत स्टोअरकीपर. शाळेच्या बंदिस्त मैदानात पुरुषांना जायला बंदी. त्यांच्या खोलीची आणि मैदानाची भिंत मात्र एकच. वह्या, खडू, फिनेल ह्यांचा हिशोब ठेवत ते अकरा वर्षं भिंतीपलीकडचा खेळ ऐकत राहिले. आधी नुसता धबधब आवाज. मग त्यातले पाय वेगळे झाले. मग मुली वेगळ्या झाल्या. एकीही मुलगी त्यांनी डोळ्यांनी पाहिली नाही.

"एक होती," ते सांगायचे, "तिचा पास समोरचीच्या हातात पडला की फट्! नारळ फोडल्यासारका. ती शाळा सोडून गेली तवा आठवडाभर मला जेवान गेलं नाय."

"तिचं नाव काय होतं?"

"मला काय म्हाईत? मी तिला फट् म्हणायचो."

परत आल्यावरही त्यांना तीच सवय राहिली. परदेशातल्या बायकांच्या बास्केटबॉलचे सामने पहाटे मोबाइलवर लागायचे, ते उठून ऐकायचे. फोन टेबलावर पालथा. पुरुषांचे सामने नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "पुरुषांच्या खेळात रिंगचा आवाज जास्त, बायकांच्या खेळात पायांचा. रिंगमदी काय ऐकायचंय? लोखंड ते लोखंड." संध्याकाळच्या मालिकाही तशाच, फोन पालथा ठेवून. पार्श्वसंगीतावरून कोण दारात आलं ते सांगायचे. प्रत्येक बाईला संघात जागा दिलेली असायची. "ही सासू म्हंजे सेंटर. रिंगखालची जागा सोडत नाय. आन् ही धाकटी सून पॉइंट गार्ड. सगळं घर हीच चालवते, बास्केट दुसरीच्या नावावर."

"आणि नवरा?"

"तो बेंचवरचा. पाणी देतो."

दुकानात अर्ज लिहून घ्यायला आलेली माणसं थांबून हे ऐकायची आणि हसायची. चाचा हसत नसत. त्यांना हे सगळं गंभीर वाटायचं.

बुद्धिबळाचंही तसंच. त्यांचा प्रतिस्पर्धी खोपोली-पनवेल एसटीवरचा एक कंडक्टर होता. गाडी खालापूरला थांबली की तो दारातून आपली चाल ओरडायचा, "उंट तिसऱ्या घरात!" आणि बेल मारायचा. चाचा पटावर ती चाल करायचे, आणि गाडी परत यायच्या आत आपली ठरवायचे. एक डाव दीड-दोन महिने चालायचा. नेहमीचे प्रवासी त्यात गुंतले होते. एकदा गाडीतली एक बाई खिडकीतून ओरडली, "चाचा, वजीर वाचवा!" चाचांनी तो डाव तिथेच सोडून दिला. कंडक्टर पुढच्या फेरीला हात जोडून उभा राहिला, अहो तिला काय कळतंय, चालू द्या. चाचा ऐकेनात. "पटाशेजारच्या माणसानं बोलायचं नाय. बोलला की डाव नासला. मग जिंकलो तरी ते माझं नाय."

मी म्हटलं, "मग मैदानावर तर सगळे ओरडतात."

"मैदानाशेजारच्यानं गप बसायचं नाय. तो बी नियमच हाय. दोन खेळ, दोन नियम. माणसानं आपण कुठं बसलोय ते आधी बघावं."

हे ते अगदी सगळ्याला लावायचे. दुकानात भावाभावांचं भांडण आलं की आधी विचार करायचे, हे पटावरचं की मैदानावरचं. पटावरचं असेल तर नुसतं टाइप करून द्यायचे, एक शब्द नाही. मैदानावरचं असेल तर मशिनवरून उठून त्या दोघांना चहा पाजून भांडायचे.

आमच्या गावात मुलींच्या खेळण्यावरून कुजबूज होतीच. खेळायला हरकत नाही, पण बघायला कोण कोण येतं? बाबा शेती करून खोपोलीच्या कंपनीत वॉचमनची पाळी करायचे. एका शनिवारी ते न सांगता मैदानावर आले. कुंपणापाशी उभे राहिले. आम्ही सात मुली, शिट्टी घेतलेले सर, आणि भिंतीकडे तोंड करून बसलेला एक म्हातारा. बाबा दहा मिनिटं त्या म्हाताऱ्याकडेच बघत होते. घरी येऊन आईला म्हणाले, "खेळू दे तिला. बघाया येनारा एकच मानूस हाय, आन् तो बी बघत नाय."

चाचांची एक अडचण होती. आमच्या रिंगला जाळी नव्हती. बॉल रिंगला न लागता आरपार गेला की आवाजच होत नसे, आणि चाचांना बास्केट झाली की नाही ते कळत नसे. "झाली काय? झाली काय?" असं भिंतीला विचारत राहायचे. सरांनी कॉलेजकडे जाळी मागितली होती, ती येत नव्हती. शेवटी चाचांनी समुद्राकडच्या त्यांच्या मामेभावाला फोन केला. तो मासेमारीची जाळी विणतो. माप कळवलं, रिंगला अडकवायची कशी तेही सांगितलं. पंधरा दिवसांनी निळ्या नायलॉनच्या दोन जाळ्या आल्या. बारीक, घट्ट, एकसारखी गाठ. सरांनी शिडी लावून चढवल्या. चाचा खूश. पाठ करून बसले, म्हणाले, "हां, टाका."

पहिला बॉल मीच टाकला. सुंदर गेला. सूं असा आवाज आला. आणि पुढे काहीच आवाज आला नाही.

चाचा म्हणाले, "बॉल कुठाय?"

बॉल जाळीत होता. मामेभावाने जाळीचं तोंड खालून बांधलेलं होतं. आयुष्यभर त्याने जे विणलं त्याच्या बुडाला भोक कधी ठेवलंच नव्हतं. बांबूने ढोसून बॉल काढेपर्यंत आम्ही जमिनीवर लोळत हसत होतो. चाचांनी तिथूनच फोन लावला. स्पीकरवरून मामेभावाचा आवाज आला, तोही चिडलेला, "आत गेलेलं भायेर सोडायचं होतं तर मंग जाळं कशापायी मागितलंस रं?"

चाचांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "त्याचं बी बरोबर हाय." जाळ्यांची बुडं दुकानातल्या कात्रीने त्यांनी स्वतः कापली.

आता तिसऱ्या वर्षाचं सांगते.

त्या वर्षी मी कॅप्टन होते. विभागाचे सामने आमच्याच मैदानावर होणार होते आणि विद्यापीठाच्या संघासाठी निवड करणारे लोक बघायला येणार होते. निवड झाली तर कॉलेजच्या दर्शनी फळ्यावर नाव लागतं. सोनेरी रंगात. ज्यांच्या घरात आधीपासून शिकलेली माणसं आहेत त्यांना ह्यात काय एवढं असं वाटेल. आमच्या घराण्यात कोणाचं नाव कशावर रंगवलेलं मी पाहिलं नव्हतं. मला ते नाव हवं होतं. लाजायचं काय त्यात? हवंच होतं.

सामन्याच्या तीन आठवडे आधी रिबाउंडचा बॉल उडी मारून घेताना मी वाकडी उतरले. डाव्या गुडघ्यात काहीतरी सरकलं. रात्री सुजला. मी कुणाला बोलले नाही. ट्रॅक पँटच्या आत क्रेप बँडेज बांधून सरावाला जात राहिले. सरांना कळलं नाही. बरोबरच्या मुलींना कळलं नाही. आईला कळलं नाही, आणि आईला माझं सगळं कळतं.

शनिवारी सराव संपल्यावर चाचा खुर्ची घडी करत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाय, डावा पाय उशिरा येतोय."

"बूट नवीन हायेत, चाचा."

"बूट नवीन असले की दोनी पाय उशिरा येतात."

मी इकडेतिकडे बघितलं. सर लांब होते. "चाचा, सरांना सांगू नका. एवढा एक सामना होऊ दे. मग मी दाखवते डॉक्टरला."

ते खुर्ची काखेत धरून उभे राहिले. पट खिशात घातला, पुन्हा काढला, पुन्हा घातला. "म्हंजे मी हे पटावरचं धरायचं?"

"हो."

"बघ हां. पटावरचं म्हंजे मग काय बी झालं तरी मी बोलणार नाय."

"नकाच बोलू."

"बरं," ते म्हणाले. आणि स्कूटरला तीन किका मारून गेले.

सामन्याच्या दिवशी मैदानाभोवती दोनशे तरी माणसं होती. चाचा भिंतीशी, पाठ करून. निवडीचे दोघे टेबलाशी बसलेले. पहिले दोन क्वार्टर मी चांगली खेळले. खोटी नम्रता नको, फार चांगली खेळले. गुडघा दुखत होता, पण गर्दी असली की दुखणं लांब जातं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये मी लेअपला उडाले, बॉल टाकला, जाळीतून सूं करत गेला, लोक ओरडले, आणि मी उतरले. उतरताना गुडघा आतल्या बाजूला गेला आणि परत आला. माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं नसावं. मी लगेच मागे पळाले.

पळताना मला दिसलं, चाचा उठून उभे राहिले होते. आणि वळले होते.

मी त्यांना मैदानाकडे तोंड केलेलं कधी बघितलंच नव्हतं. क्षणभर कोणी दुसराच माणूस वाटला. ते सरळ रेषेच्या आत आले, खेळ चालू असताना. एक मुलगी त्यांच्यावर आदळता आदळता वाचली. पंचांनी शिट्टी मारली. "ओ काका, बाहेर व्हा! बाहेर!"

चाचा सरांसमोर जाऊन थांबले. "सर, पाच नंबरला बसवा. तिचा गुडघा गेलाय."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "काय नाय झालं सर. त्यांना काय माहिती? ते तर बघत पण नव्हते."

लोक हसले. मला ते हसणं बरं वाटलं, हे पण सांगून टाकते.

सर म्हणाले, "उकिडवी बस बघू."

"सर, वेळ जातोय."

"बस म्हणतो ना."

मी बसायला गेले. अर्ध्यावर पाय अडला. दोनशे माणसांसमोर, निवडीच्या टेबलासमोर, मी ना खाली जाऊ शकले ना वर येऊ शकले. शेवटी दोघींनी काखेत हात घालून मला उचललं. माझ्या जागी कोंडाणे गावची एक ज्युनिअर मुलगी आली, पहिल्या वर्षाची. चाचा अजून तिथेच उभे होते. मी त्यांच्या जवळून जाताना म्हणाले, "तुम्ही शब्द दिला होता."

ते म्हणाले, "व्हय."

एवढंच. पंचांनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. आम्ही तो सामना हरलो. आमच्यातल्या कोणाचीच निवड झाली नाही.

पनवेलच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आतला बंध, म्हणजे लिगामेंट, अर्धा फाटलाय. मी विचारलं, राहिलेला वेळ खेळले असते तर पुरा फाटला असता का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. फाटलाही असता, नसताही. मी दोन वेळा विचारलं, दोन्ही वेळा तेच उत्तर. "असता" म्हणाले असते तर मी चाचांच्या पाया पडले असते. "नसता" म्हणाले असते तर आयुष्यभर तोंड बघितलं नसतं. दोन्हीतलं काही झालं नाही, आणि मी रागावलेलीच राहिले. दाखल्याची कामं मी दुसऱ्या दुकानात करायला लागले. समोरासमोर दुकानं, त्यांना दिसत असेलच.

सुमारे अडीच महिन्यांनी एकदा मी खालापूरच्या थांब्यावर उभी होते. एसटी आली, दारात तोच कंडक्टर. चाल ओरडला नाही. मीच विचारलं, "डाव संपला का?"

"कसला डाव? चाचानं पट ठेवून दिला. म्हंतात, मी नियम मोडला, आता मला बसायचा हक्क नाय. ना पटाशेजारी, ना मैदानाशेजारी." बेल मारताना तो खाली वाकून म्हणाला, "तूच ना गं ती पाच नंबरवाली? जा की जरा त्यांच्याकडं."

मी गाडीत चढले नाही. रस्ता ओलांडून दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. चाचा मशिन पुसत होते.

"ये," ते म्हणाले. माझी पावलं ऐकून नाही, मान वर करून बघून म्हणाले.

मी सरळ विचारलं. मला आडून बोलता येत नाही. "चाचा, तुम्ही बोललात ते बरोबर केलंत का?"

"म्हाईत नाय."

"डॉक्टरपण तेच म्हणाले."

"गुडघा तुझा होता. नाव तुझं लागणार होतं. मी शब्द दिला होता." ते फडकं घडी करत राहिले. "तुझ्या भल्यासाठी बोललो असं लोकं म्हणतात. तसं नाय गं. तू उतरलीस तवा जो आवाज आला ना, तो मला ऐकवला नाय. मी माझ्यासाठी बोललो."

एवढ्या दिवसांत मला बऱ्याच जणांनी समजावलं होतं. सर, आई, वर्गातल्या मुली. सगळ्यांनी चाचा बरोबर होते हे सांगितलं होतं. ते कोणाचंच मला पटलं नव्हतं. हे मात्र कुठेतरी बसलं.

"शनिवारी वर्षातला शेवटचा सामना आहे," मी म्हटलं. "मी खेळत नाही. बाकावर असते. या."

"मी येऊन काय करू?"

"बसा. पाठ करून बसा."

त्यांनी मान हलवली. "आता नाय जमत. त्या दिवशी वळून बघितलं ना, तवापासून पालथा फोन नुसता वाजतो. मालिका लावली तर डोळ्यांपुढं मैदानच येतं, माणसं पळताना दिसतात, आवाज मागं पडतो. अकरा वर्सं आखातात आन् पुढची इतकी वर्सं जे कमावलं ते एका वळण्यात गेलं." हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. दुकानाचं शटर बिघडलंय असं सांगावं तसं सांगितलं.

तोपर्यंत मी फक्त माझं काय गेलं तेच मोजत होते.

शनिवारी ते आले. स्कूटर लावली, घडीची खुर्ची आणली नव्हती. माझ्या बाकावर माझ्या शेजारी बसले, मैदानाकडे तोंड करून, हात गुडघ्यांवर ठेवून, दवाखान्यात नंबर यायची वाट बघणाऱ्या माणसासारखे. खेळ सुरू झाला. त्यांची मान बॉलच्या मागे मागे, दर वेळी उशिरा पोचायची.

"कोणी टाकला?"

"सात नंबरने."

"मला वाटलं नऊनं." थोड्या वेळाने, "आता शिट्टी कशाची?"

"तीन सेकंदांच्या वर रिंगखाली उभी राहिली."

"ज्या खेळातलं मी तुमाला ऐकून सांगायचो, त्यातलं आता तुलाच इचारायला लागतंय." मग हळूच म्हणाले, "दिसतं सगळं गं. कळत काय नाय."

मी त्यांना सांगत राहिले. कोण कुणाला पास देतंय, कोण दमलीय, कोण मुद्दाम हळू खेळतेय. इतके दिवस मी फक्त आपला बॉल बघत आले होते, बाकीच्या नऊ जणी काय करतात हे मलाही त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. कोंडाण्याची ती ज्युनिअर माझ्या जागेवर खेळत होती. माझ्याच नंबरचा शर्ट घालून. तिने लेअप मारला, बास्केट झाली, ती उतरली, आणि लोक ओरडले.

चाचा ओरडले नाहीत. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"बाय, हिचे पाय नीट हायेत ना?"

ती मागे पळाली, पुढे आली, पुन्हा मागे गेली, तेवढा वेळ मी फक्त तिची पावलं बघितली. एक, दोन. एक, दोन. सारखी पडत होती.

"नीट हायेत, चाचा," मी म्हटलं.

तेव्हा कुठे ते मागे टेकून बसले.